भादव्यातली मोजणी

चिचटोल्याच्या तलावावर उन्हाळ्यात आलेला पाहुणा हटकून हसतो. पाणी खाली मधोमध डबक्याएवढं, आणि तलावाच्या हद्दीचे शेंदूर लावलेले दगड पार वर, कोरड्या रानात, गुरं चरतात तिथे. त्या दगडांच्या आत ना घर, ना शेत. असं का, म्हणून विचारलं की गावातली म्हातारी माणसं रेवंता ढिवरिणीची गोष्ट सांगतात.

एका वर्षी म्हणे पाऊस फिरकलाच नाही. तलाव तळाला गेला. तेव्हा पंचांनी पुढच्या उन्हाळ्यात, ऐन वैशाखात तलाव मोजला. ओल दिसते तेवढाच तलाव, बाकीची जागा गावाची, असं ठरवून ती वाटून टाकली. रेवंताचा नवरा त्याच साली गेलेला, पदरात तान्ही मुलगी. तिच्या वाट्याला खोलातली जागा आली. तिने हात जोडून विचारलं, "पाटीलबाबा, पाणी परत आलं तं?"

"आलं तं त्याले सांगजो, पंचांनी जागा देली म्हणून!" पाटील म्हणाले आणि सारी चावडी हसली.

दुसरी जागा होती कुठे? तिने कूड उभे केले, माती लिंपली. पण मनातली धाकधूक जाईना. सकाळी उठली की आधी दारातली माती चाचपायची, ओली तर नाही ना.

भादव्यात पाऊस लागला तो थांबेना. पाणी अंगणात आलं. मुलगी तापाने फणफणलेली, जवळपास दुसरं घर नाही. अशा पावसात तिला बाहेर काढावं तरी भीती, ठेवावं तरी भीती. शेवटी मुलीला झोळीत घालून, झोळी आढ्याला उंच बांधून रेवंता गावात पळाली. तलावाच्या पाळीतली, म्हणजे बांधातली, पाणी सोडायची मोरी उघडली असती तर पाणी उतरलं असतं.

"पाची पंच बसल्याबिगर मोरीले हात लावता येत नाही," पाटील म्हणाले. चौघे जमले. पाचवा सासुरवाडीला गेलेला.

"अजी, पोरगी आहे वो आत!" ती दारोदार फिरली.

"येतेच आता तो. बस जराशी, बाई."

वाईट कुणीच नव्हतं. पण मोरीला हात कुणी लावला नाही.

पाचवा आला, मोरी उघडली, रेवंता धावत परतली. तोवर भिंती विरघळून गेल्या होत्या. आढं नाही, झोळी नाही. नुसतं पाणी.

ती काठावर पाण्यात पाय सोडून बसली. रडली नाही, असं सांगतात. पंच आले, "ऊठ बाई" म्हणाले. ती एवढंच बोलली, "आता मोजा."

"उतरू दे, मंग मोजू."

पण मोरी उघडी, ऊन पडलेलं, तरी तिच्या पायापासचं पाणी बोटभर मागे सरेना म्हणे. शेवटी पाटलांनी स्वतः दगड आणून तिच्या टाचेमागे रोवला आणि तिथून पंच काठाकाठाने दगड रोवत तलावाभोवती फिरले. तेव्हा कुठे पाणी उतरलं. मुलगी काही मिळाली नाही.

आजही इथली ग्रामपंचायत तलाव उन्हाळ्यात मोजत नाही. भादव्यात तलाव भरला की सरपंच, सदस्य काठावर येतात. एखादी नवी लेकुरवाळी पाण्यात पाय सोडून बसते आणि "आता मोजा" म्हणते. कधी एखादा दगड आत सरकलेला सापडतो. कुणी सरकवला ते कुणी बोलत नाही, तो उचलून पुन्हा जागेवर ठेवतात. आणि त्या दिवशी गावातली कुठलीच आई लेकराला घरी ठेवून येत नाही. ताप असला तरी ते कडेवरच असतं.