चाळिसावा खण

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नगरात सुयाम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व माळ्याच्या कुळात जन्माला आला होता, आणि पिंगल नावाच्या शेठच्या बागेत झाडांना पाणी घालून तो आपले पोट भरत असे. त्या काळी नगरातल्या पैसेवाल्यांना एक नाद लागला होता. फुलपाखरे आणि पतंग मारून जमवायचे, भेंडाच्या मऊ फळीवर पंख पसरून बाभळीच्या काट्याने टोचायचे, चंदनाच्या पेटीत एकेकाला एकेक खण द्यायचा, आणि कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेत एकमेकांशी अदलाबदल करायची. माझ्याकडे पिवळी दोन आहेत, एक तू घे, तुझा ठिपकेवाला मला दे, असा तो व्यवहार. पंखाचा कोपरा जरा फाटलेला असला की तो जिन्नस कुणी हातात घेत नसे. ज्याचे चाळीस खण आधी भरतील त्याला मी माझ्या शेजारी बसवीन, असे राजा एकदा हसत बोलून गेला होता. राजे लोक हसत बोलतात, पण शेठ लोक ते हसण्यावारी नेत नाहीत.

पिंगल शेठचे एकोणचाळीस खण भरले होते. चाळिसावा खण नीलपाकोळी नावाच्या फुलपाखरासाठी राखलेला होता. ही पाकोळी तळहाताएवढी, काजळासारखी काळी, आणि मागच्या पंखांवर निळा रंग. ती उंच उडते आणि भरभर उडते, त्यामुळे पारध्यांनी आणून दिलेल्या सातही पाकोळ्या फाटक्या पंखांच्या निघाल्या. मग शेठने युक्ती काढली. त्याने बाग लावली. जुई, तगर, कण्हेर, जास्वंद, आणि कुंपणाला ईडलिंबाची झाडे. फुले पाहून पाकोळी आपण होऊन येईल, असा त्याचा बेत. तीन वर्षे झाली. फुले वाढत गेली आणि पाखरे कमी होत गेली. पहिल्या वर्षी दिसत होती तीही आता दिसेनात. हे असे उलटे का व्हावे, शेठला काही उलगडेना.

बागेची निगा मात्र कडक होती. पानावर एकही अळी दिसता कामा नये, अशी शेठची ताकीद. जुना माळी रोज सकाळी अळ्या वेचून चुन्याच्या पाण्याच्या मडक्यात बुडवीत असे. दोन वर्षांनी तो थकला आणि त्याच्या जागी बोधिसत्त्व आला. पहिल्याच दिवशी त्याने हात जोडून सांगितले, "शेठजी, अळ्या वेचतो. पण बुडवायला मला सांगू नका. घरी नेऊन माझ्या झाडांवर सोडीन."

शेठ तेव्हा पेटीचे खण पुसत बसला होता. "कुठंही ने रे बाबा, माझ्या नजरेसमोरून ने म्हणजे झालं," असे तो म्हणाला, आणि म्हणाला हेही विसरला.

त्या वर्षी जत्रेला चाळीस दिवस उरले असताना उदुंबर शेठ भेटायला आला. हाही त्याच नादातला. त्याचे सदतीस खण भरले होते, त्यामुळे पिंगल शेठला टोचून बोलण्यात त्याला फार गोडी.

"पिंगलशेठ, काखेत कळसा आणि गावाला वळसा झालाय तुमचा," तो म्हणाला. "तुमच्या माळ्याच्या अंगणात जाऊन या एकदा. नीलपाकोळ्या नुसत्या खेळताहेत तिथं. मी त्याला हातातलं सोन्याचं कडं देऊ केलं, एक पकडू दे म्हटलं. नाही म्हणाला."

"का म्हणे?"

"म्हणे, त्या माझ्या नाहीत, येतात आणि जातात. घ्या."

शेठ पायात वहाणा न घालताच निघाला. माळ्याच्या झोपडीमागे चार वेडीवाकडी ईडलिंबाची झाडे होती, आणि त्यांची पाने कुरतडून कुरतडून चाळण झाली होती. फूल म्हणाल तर तुळशीच्या मंजिऱ्या तेवढ्या. आणि त्या भिकार झाडांभोवती पाच-सहा नीलपाकोळ्या खुशाल फिरत होत्या. शेठ कुंपणाशी उभा राहून बघत राहिला. फुले आपल्याकडे आणि पाखरे ह्याच्याकडे, हा काय प्रकार आहे? डोके चालेना तेव्हा माणूस जे करतो तेच शेठने केले. त्याने चोर शोधला. माझ्या बागेतली पाखरे ह्यानेच काहीतरी करून पळवली, असे म्हणून तो थेट दरबारात गेला.

राजाने माळ्याला बोलावून विचारले, "तू शेठच्या बागेतून काही नेतोस का?"

"रोज नेतो, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "शेठजींना विचारून नेतो."

"मला विचारून?" शेठ म्हणाला. त्याला खरोखरच काही आठवत नव्हते. "मी ह्याला एक पान दिलेलं नाही. महाराज, एक बिनफाटकी नीलपाकोळी ह्यानं मला आणून दिली तर मी तक्रार मागे घेतो. एवढंच माझं म्हणणं आहे."

राजा म्हणाला, "ऐकलंस ना? नाहीतर चोरी ठरली की घरादारासकट नगर सोडावं लागेल."

अंगणात जाऊन हात लांब करण्याचा अवकाश होता. पहाटे पंख वाळवत बसलेली पाकोळी लहान मूलसुद्धा उचलू शकते, हे बोधिसत्त्वाला ठाऊक होते. पण तिचे पुढे काय होणार हेही ठाऊक होते. तो म्हणाला, "देतो, महाराज. मात्र ती शेठजींनी स्वतः सांभाळायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि जत्रेच्या दिवशी मी चोर की नाही, हे शेठजींनीच सांगायचं. ते म्हणतील तसं."

फिर्यादीच्याच तोंडून निकाल मागणारा आरोपी शेठने कधी पाहिला नव्हता. तो आणखीच बुचकळ्यात पडला, पण कबूल झाला.

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्वाने पाण्याच्या तांब्यात ईडलिंबाची डहाळी खोचून आणली आणि एका पानाकडे बोट दाखवले. शेठने वाकून पाहिले. पानावर काळपट-पांढरा ठिपका होता.

"हे तर चिमणीनं घाण केलंय," शेठ म्हणाला.

"नीट बघा, शेठजी."

शेठने नीट पाहिले. घाण चालू लागली.

"रोज ताजी कोवळी पानं द्या, पाणी बदला, आणि मुंग्यांना जवळ येऊ देऊ नका," एवढे सांगून बोधिसत्त्व कामाला गेला. ह्याच्यात आणि नीलपाकोळीत काय संबंध, हे विचारायचे शेठच्या मनात होते, पण एवढा साधा प्रश्न विचारायची त्याला लाज वाटली. एकोणचाळीस जातींची नावे त्याला तोंडपाठ होती. ती सगळी त्याने पंखांवरून ओळखलेली. पंख नाहीत त्याला काय म्हणायचे, हे त्याला कुणी शिकवले नव्हते.

तो रोज सकाळी स्वतः कुंपणाशी जाऊन पाने तोडू लागला. त्याची बायको नंदोत्तरा दारात उभी राहून बघे. "पोटची तीन पोरं वाढली, एकाच्या पाळण्याची दोरी कधी हातात धरली नाहीत," ती म्हणाली. "आता म्हातारपणी अळीची दाई झालात."

मुंग्या येऊ नयेत म्हणून शेठ तांब्याभोवती राखेची रेघ ओढत होता.

बारा-तेरा दिवसांनी तो सकाळी बघतो तो चिमणीची घाण नाहीशी झालेली, आणि तिथे एक गुबगुबीत हिरवी अळी, डोक्याशी दोन डोळे रंगवल्यासारखी. त्याने काडीने डिवचले तसे तिने लाल शिंगे बाहेर काढली आणि असा उग्र वास सोडला की शेठ मागे सरला. तो तडक बागेत गेला.

"रात्रीतून माणूस घालून तू ती बदललीस," तो म्हणाला.

"बदलली ती आपली आपण, शेठजी. कात टाकली तिनं. ती तीच आहे."

"तीच कशी? रंग वेगळा, रूप वेगळं."

"पानं तर तीच खाते ना?"

हे खरे होते. शेठ घरी आला. ती तीच असेल तर रंगावरून ओळखण्यात काय अर्थ राहिला, आणि नसेल तर आपण बारा दिवस कुणाला जपले, असा दोन्हीकडून घोळ त्याच्या डोक्यात बसला. पाने मात्र तो दुप्पट तोडू लागला, कारण तिची भूक वाढली होती.

आणि मग एक दिवस तिने खाणे सोडले. डहाळीवर इकडेतिकडे फिरली, एका जागी थांबली, कमरेला बारीक धागा बांधून घेतल्यासारखी टेकून बसली, आणि दोन दिवसांत तिथे अळी राहिलीच नाही. एक हिरवट, टोकदार, निश्चल गाठ उरली. शेठने फुंकर घातली. काही नाही. त्या दिवशी ताटावरून तो तसाच उठला. आजवर हजार पाखरांना काटा टोचताना ज्याचा हात हलला नाही, त्याला एका अळीसाठी घास गिळेना. हे कशाने, हे त्याला समजेना, आणि समजत नाही म्हणून त्याला आपलाच राग आला.

तो माळ्याच्या घरी गेला. दाराशी गाठोडी बांधून ठेवलेली होती. माळ्याची बायको पातेली चिंध्यांत गुंडाळत होती. तिने शेठकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"मेली," शेठ बोधिसत्त्वाला म्हणाला. "माझ्या हातून मेली. पाणी रोज बदललं मी. एक दिवस चुकलो नाही."

"वाट बघा, शेठजी."

"कशाची?"

"मी सांगितलं तर तुम्हाला पटायचं नाही."

"अरे, तुझ्या दारात गाठोडी पडलीत. मागे एवढी पाखरं उडताहेत, एक धरून का देत नाहीस?"

"धरून दिली असती तर तुमच्याकडे चाळीस झाल्या असत्या," बोधिसत्त्व म्हणाला. "पुढच्या वर्षी तुम्ही एकेचाळिसावीच्या मागे लागला असता. आणि बागेत पाखरं का येत नाहीत, ते तुम्हाला कळलं नसतंच."

शेठ परत आला आणि त्या गाठीसमोर बसला. दिवस गेले. जत्रेची सकाळ उजाडली. बाहेर शेठ लोकांच्या पालख्या निघत होत्या, नंदोत्तरा पेटी पुसून ठेवत होती, आणि गाठ आदल्या दिवसापासून काळी पडली होती. ती आता कुजली असे समजून शेठ ती काढायला हात पुढे करणार, एवढ्यात ती उकलली. आतून ओले, चुरगळलेले, सहा पायांचे काहीतरी धडपडत वर आले.

"ही पण फाटकीच," शेठ पुटपुटला आणि त्याने बोट पुढे केले. ती बोटावर चढली. मग तिचे पंख हळूहळू भरू लागले. सुरकुत्या गेल्या. काळा रंग काजळासारखा झाला आणि मागच्या पंखांवर निळे उमटले. एक कोपरा फाटलेला नाही, एक कण उडालेला नाही. अशी नीलपाकोळी पोतन नगरात कुणाच्याच पेटीत नव्हती. समोर भेंडाची फळी होती, काटा होता, रिकामा खण होता, आणि पाकोळी पंख वाळवत अर्धा प्रहर त्याच्या बोटावर बसून होती.

शेठने दुसऱ्या हातात काटा घेतला, आणि त्याला चुन्याचे मडके आठवले. दोन वर्षे, रोज सकाळी, ह्याच कुंपणावरच्या अळ्या. चिमणीच्या घाणीसारख्या आणि हिरव्या, शिंगे काढणाऱ्या. "माझ्या नजरेसमोरून ने," असे आपण कुणाला तरी म्हणालो होतो, तेही त्याला आठवले. काटा हातातच राहिला. पाकोळी उडाली. ती आपण सोडली की ती आपण होऊन गेली, हे शेठला पुढे कधीच नक्की सांगता आले नाही.

जत्रेत राजासमोर पेट्या उघडल्या. पिंगल शेठचा चाळिसावा खण रिकामा पाहून उदुंबर शेठ मिशीतल्या मिशीत हसला. राजाने विचारले, "म्हणजे माळ्यानं दिली नाही?"

"दिली, महाराज. अगदी बिनफाटकी दिली."

"मग चोर कोण?"

"माळी जे न्यायचा, ते मीच ने म्हटलं होतं," शेठ म्हणाला. त्याचे शब्द अडखळत होते. "हा यायच्या आधी दोन वर्षं माझ्या हुकमानं रोज मडकंभर अळ्या चुन्यात बुडवल्या. त्या नीलपाकोळ्याच होत्या, महाराज. ज्यांची मी वाट बघत होतो, त्यांनाच मी रोज सकाळी मारत होतो. ह्यानं नेल्या तेवढ्याच वाचल्या."

राजाने विचारले, "आणि ह्या खणातली? ती कुठं आहे?"

शेठने जरा विचार केला. "अंडी घालायला गेली असेल, महाराज. माझ्या कुंपणावर गेली तर बरं होईल."

राजा सरकला आणि त्याने माळ्याला शेजारी बसायला सांगितले. बोधिसत्त्वाने हात जोडले. झाडांना पाणी घालायचे राहिले होते आणि घरी गाठोडी सोडायची होती, म्हणून तो निघाला. शेठही त्याच्या मागोमाग बागेकडे गेला. त्यानंतर त्या बागेतले पान धड राहिले नाही, आणि नंदोत्तरा त्यावरून त्याला जन्मभर बोलत राहिली.

ही कथा शास्त्यांनी जेतवनात एका भिक्खूला सांगितली. त्याला चीवराच्या कापडाचे रंगीत तुकडे जमवण्याचा आणि सोबत्याशी बदलून घेण्याचा नाद लागला होता. इतरांनी टोकले तेव्हा तो गोंधळून विचारत आला होता, "भगवन्, मी कुणाचं काय बिघडवलं?" कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "तेव्हाचा पिंगल शेठ म्हणजे तूच. उदुंबर शेठ म्हणजे तुझ्याशी तुकडे बदलणारा तुझा सोबती. राजा होता माझा शिष्य आनंद, आणि माळी मी होतो. तेव्हाही तुला कळायला चाळीस दिवस लागले होते. बैस, घाई नाही."

ही मैत्री पारमितेची कथा. त्या माळ्याने अळीवर जेवढी माया केली, तेवढीच अळी बुडवणाऱ्यावरही केली.