रिकामी पुडी

ज्याच्या हाती आपण देह सोपवतो, त्याच्यापासूनच आपण काय काय लपवतो, हे तुम्ही कधी स्वतःला विचारले आहे?

एकदा एक व्यापारी आपल्या पत्नीला घेऊन एका वृद्ध वैद्यांकडे आला. गुडघेदुखीने ती जेरीस आली होती. देवळाच्या चार पायऱ्याही तिला चढवत नव्हत्या. वैद्यांनी नाडी पाहिली. बांगड्यांखाली मनगटावर निळसर डाग होते, तेही पाहिले.

"डॉक्टरांचे काही चालू आहे?"

"छे हो," उत्तर व्यापाऱ्यानेच दिले. "तुमच्यावर श्रद्धा असताना त्यांच्या गोळ्या कशाला?"

पत्नीने मान खाली घातली.

वैद्यांनी एक कागद घेतला, त्याची नीट पुडी बांधली आणि तिच्या हाती ठेवली. पुडी रिकामी होती. "घरी जे काही घेता, ते यात घालून आणा. मग औषध देईन."

व्यापारी चिडून बाहेर आला. ओसरीवर शिष्य खलात औषध घोटत होता.

"वैद्यराज, तुमचे गुरुजी थकले आता. रिकाम्या पुड्या बांधतात! तुमच्या हाताला गुण आहे, असे सगळे म्हणतात. हिच्याकडे बघा तरी."

'वैद्यराज' असे त्याला आजवर कोणी म्हटले नव्हते. शिष्याला दया आली, पण दयेहून ते संबोधन गोड लागले. त्याने महिनाभराचा गुग्गुळ गुपचूप बांधून दिला.

विसाव्या दिवशी निरोप आला. मेंदूत रक्तस्राव होऊन ती रुग्णालयात बेशुद्ध पडली होती. हृदयाची झडप बदलल्यापासून ती रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेत होती; मनगटावरचे डाग त्यांचेच. गुग्गुळाने ते रक्त आणखी पातळ झाले. वैद्यांना राग येईल म्हणून व्यापाऱ्याने गोळी लपवली; डॉक्टर ओरडतील म्हणून पुडी लपवली.

शिष्याने गुरुजींचे पाय धरून सारे कबूल केले. त्याला घेऊन वैद्य रुग्णालयात गेले आणि कोणते औषध, किती, किती दिवस, हे त्यांनी हात जोडून डॉक्टरांना सांगितले. परतताना वाटेत ते थांबले.

"डॉक्टरांची गोळी खरी होती. आपला गुग्गुळही खोटा नव्हता. मला गोळी कळली असती, तर मी त्यांना विचारून नुसता शेक दिला असता. हृदय त्यांनी सांभाळले असते, गुडघे मी. ईश्वराने देह एकच दिला आहे. त्यावर उपचार करणाऱ्या दोघांनी एकमेकांपासून लपून वावरू नये. त्या पुडीत माझा प्रश्न होता. उत्तर येण्याआधीच तू तो बुजवलास."

ती वाचली. वाचा मात्र गेली.

शिष्याला औषध देण्याची अनुज्ञा वैद्यांनी अखेरपर्यंत दिली नाही. आज ते हयात नाहीत. दवाखाना दुसरा शिष्य चालवतो. हा मात्र, आता केस पिकलेला, ओसरीवर बसून प्रत्येक रोग्याची इतर औषधे वहीत लिहितो. दर महिन्याला व्यापाऱ्याची पत्नी शेक घ्यायला येते. नियम म्हणून तो तिलाही विचारतो, "आणखी काय घेता?"

ती त्याच्याकडे नुसती पाहत राहते.