द्वारकाबाईंचा पदर

द्वारकाबाईंचा धाकटा भाऊ मस्कतच्या इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होता. त्याने एकच मागितलं होतं, गावच्या विहिरीचं घोटभर पाणी. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळायला नको, म्हणून बाई फक्त हातातली पिशवी घेऊन निघाल्या. खोबरेल, शांपू सगळं बोटभर बाटल्यांत भरलेलं. पाणीही घोटभरच घेतलं होतं, पण ते घरातल्या लिटरच्या बाटलीत.

विमानतळावर तपासणीच्या साहेबांनी नेमकी तीच उचलली. "शंभर मिलीच्या वर चालत नाही."

"साहेब, पाणी तळाशीच आहे हो."

"पाणी किती ते आम्ही बघत नाही, आजी. बाटली केवढी ते बघतो. टाका कचऱ्यात!"

बाई रडल्या, हात जोडले. साहेबांनी मान फिरवली.

तेव्हा बाईंनी झाकण काढलं, सगळं पाणी सुती पदराच्या टोकावर ओतलं आणि रिकामी बाटली साहेबांच्या हातात ठेवली.

"नियम बाटलीला आहे ना? ही घ्या बाटली. पदर वाळायच्या आत पोचले, तर त्याच्या तोंडात पिळीन. नाहीतर डोळे पुसायला आहेच तो."