बंद भट्टीची मोजणी

फार जुनी गोष्ट नाही, आपल्याच काळातली आहे. एक वृद्ध आचार्य अणुभट्टीलगतच्या तळघरात बावीस वर्षं एकाच गोष्टीची वाट पाहत होते. भट्टीतून न्यूट्रिनो नावाचे असंख्य कण बाहेर पडतात आणि भिंती, माणसं, डोंगर, सगळ्यांतून आरपार जातात. त्यांतला एखादाच कुठल्या अणूच्या केंद्रकाला धडकतो. धक्का किती? भरल्या बैलगाडीला डास धडकावा, तेवढा! तो टिपायला आचार्यांनी एक स्फटिक ठेवला होता, आणि बाहेरचा किरणोत्सार आत शिरू नये म्हणून त्याभोवती शिशाच्या विटांची भिंत रचली होती. त्या विटा त्यांनी स्वतः ओतल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी आणखी हलके धक्केही टिपणारा नवा स्फटिक बसवला आणि यंत्रात रोज एकेचाळीस धक्के उमटू लागले. त्यांची शिष्या शाल्मली आनंदाने वेडी व्हायचीच बाकी राहिली. पण पुढे आचार्यांना कर्करोगाने गाठलं. डॉक्टरांनी दोन महिने दिले. तेव्हा तिने आठवडाभर खपून शोधनिबंध लिहिला आणि सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवला.

आचार्यांनी सही केली नाही. म्हणाले, "परवा इंधन बदलायला भट्टी बंद होतेय. महिनाभर बंद भट्टीपाशी मोज."

"बंद भट्टीत काय डोंबल मोजायचं, सर?" तिचा तोल गेला. "तुमच्याकडे दिवस किती उरलेत!"

"म्हणूनच म्हणतो, मोज."

तिने चडफडत मोजलं. भट्टी बंद म्हणजे न्यूट्रिनो नाहीत. धक्के थांबायला हवेत. पहिल्या दिवशी एकेचाळीस. दुसऱ्या दिवशी चाळीस. महिना सरला तरी आकडा हलेना. म्हणजे हे धक्के न्यूट्रिनोंचे नव्हतेच.

रुग्णालयाच्या दारातच आचार्यांच्या पत्नीने तिचा हात धरला. "सापडलं म्हणून सांग गं. दोन दिवसांचा प्रश्न आहे. सुखाने जाऊ दे त्यांना." शाल्मलीही तेच ठरवून आली होती. पण खाटेवरून आचार्यांनी विचारलं, "किती?" आणि तिला खोटं बोलवेना.

"एकेचाळीसच, सर."

आचार्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. ते म्हणाले, "म्हणजे शिशातच किरणोत्सार होता. स्फटिक तपासून घेतला होता, शिसं नाही. बाहेरचं आत येऊ नये म्हणून भिंत घातली, आणि त्या भिंतीचेच धक्के मोजत बसलो. गेल्या वर्षीही भट्टी बंद झाली होती, पोरी. तेव्हा मी यंत्र दुरुस्तीला काढलं. मोजायची भीती वाटली मला. फार वाईट वाटतंय गं. पण तू खरं सांगितलंस, बरं केलंस. विटा काढ."

तिसऱ्या दिवशी ते गेले. शाल्मलीने एकेक वीट उतरवली. प्रत्येकीवर आचार्यांच्या हस्ताक्षरात ओतल्याची तारीख होती.

आपल्याला एखाद्या गोष्टीची खात्री ज्या कारणाने वाटते, ते कारण एकदा बंद करून पाहावं. खात्री तरीही तसूभर हलली नाही, तर विटा कोणी ओतल्या ते आठवावं.