अकरा तासांचं इंजिन

"पण जे काहीच करत नाही, ते चालू कशाला ठेवायचं, बुवा?"

सोमगिरी बुवा मठात चुलीपुढे बसून कोरा चहा गाळत होते. त्यांनी कप पुढे सरकवला.

निवास ढेबेला चहा नको होता, बुवांचा शब्द हवा होता. पठारावरच्या या चाळीस घरांच्या वाडीत विजेची तार कधी चढलीच नाही. डिझेलचं एक इंजिन होतं, तेही धोंडीमामा संध्याकाळी तीन तास चालवायचे. मग वाडीचाच निवास इंजिनियर झाला, त्यानं पवनचक्की उभारली, आणि घरोघरी दिवसरात्र वीज खेळली. पोरगं कर्तबगार, त्यात वाद नाही. फक्त हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं, एवढीच काय ती अडचण.

"सोमवारी साहेब लोक येतायत," निवास म्हणाला. "'डिझेलमुक्त वाडी' असा बोर्ड रंगवून तयार आहे. आणि धोंडीमामा इंजिन बंद करायचं नावच काढत नाहीत! वारं घोंघावतंय, चक्की गरगरतेय, तरी यांचं आपलं धुकधुक चालूच. म्हणे, तयार असलेलं बरं."

"बरं मग?"

"गेल्या महिन्यात त्या इंजिनानं खरं काम केलं अकरा तास. बाकी सगळं वाऱ्यावर."

"अकरा…"

"मामा तुमचं ऐकतात. तुम्ही सांगा. उद्या गाडी आणतो, इंजिन खाली पाठवतो. मामांनाही आराम."

बुवांनी चहाचा घोट घेतला.

"मंगळवारी दुपारी वारं पडलं होतं," ते म्हणाले.

"असेल."

"असेल नव्हे, पडलं. एकदम. झाडाचं पान हलंना. तुझ्या आईचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं का रे?"

मंगळवारी दुपारी निवास आईच्या उशाशीच बसून साहेबांशी फोनवर बोलत होता. आईला डोळा लागला होता. मशीनचा आवाजसुद्धा बदलला नव्हता.

"नाही," तो हळूच म्हणाला. "मला कळलंच नाही."

"हां…"

निवास वरमला. पण हट्ट म्हणजे हट्ट.

"तरी बुवा, एका दुपारसाठी महिनाभर…"

बुवा उठले. खुंटीवरची घोंगडी काढून त्यांनी नीट घडी घातली. झोळीत चिमटा टाकला, तांब्या टाकला. काठी घेतली.

"अहो, कुठे निघालात?"

"खाली. उद्याच्या गाडीत इंजिनाशेजारी माणसापुरती जागा असंल की."

"तुम्ही कशाला?"

"बारावीला नापास झालास तेव्हा आला होतास. रात्रभर बसलास, सकाळी भाकर खाऊन गेलास. त्यानंतर चौदा वर्षांनी आज येतोयस." बुवांनी झोळी खांद्याला लावली. "दोन्ही मिळून अकरा तास भरतात का बघ, लेका."

गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. निवासला वैद्याचं वाईट व्हावं असं कधी वाटलं नव्हतं. वैद्य आहे हेच तो विसरून गेला होता.

त्याला ती रात्र आठवली. कड्याच्या टोकापर्यंत जाऊन तो मागे फिरला होता. मागे फिरला, कारण मठाचं दार उघडं दिसलं आणि आत धुनी पेटलेली होती. एवढ्या रात्री, एवढ्या पावसात ती कुणासाठी जागती ठेवली होती, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. आज ते ध्यानात आलं.

"बुवा… मी जिवंत आहे तो तुमच्यामुळे. आणि एकदाही सांगायला आलो नाही."

तो पायाशी वाकला. बुवांनी पाय मागे घेतले.

निवासनं डोळे पुसले. बाहेर वारं सोसाट्यानं वाहत होतं. त्यातूनही वाडीकडची धुकधुक बारीक ऐकू येत होती.

"बोर्ड पुसून टाकतो," तो म्हणाला. "पण मामांना जाऊन काय सांगू?"

बुवांनी घोंगडी परत खुंटीला अडकवली.

"सांगायचं काय त्यात? वारं आहे, गरज नाही, तोवर जाऊन ये."