काळ्या पानांचा वाफा

एकदा एक धनाढ्य व्यापारी नदीकाठच्या आश्रमात आला. आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ आश्रमाच्या आवारात एक उद्यान उभे करावे, अशी त्याची इच्छा होती. आश्रमातले वृद्ध गुरुजी वनस्पतींचे मोठे जाणकार होते. दोघे औदुंबराखाली बराच वेळ एकांतात बोलत बसले. निघताना व्यापारी सर्वांसमक्ष म्हणाला, "फुले मात्र सगळी शुभ्र असावीत, गुरुजी. माघात चार प्रतिष्ठित मंडळींना घेऊन येतो." गुरुजींनी नुसते स्मित केले.

त्यांचा शिष्य श्रीपती उत्साहाने कामाला लागला. दहा वर्षे त्याने गुरुजींच्या हाताखाली माती कालवली होती, आणि हे उद्यान नीट झाले तर पुढे सगळी बाग त्याच्यावर सोपवायची, असे गुरुजींनी बोलून दाखवले होते. त्याने मोगरा, निशिगंध, पांढरी शेवंती असे सगळे जमवले. पण लावणीच्या दिवशी गुरुजींनी उद्यानाच्या ऐन मध्यावरचा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन खाणारा वाफा मोकळा करायला लावला. तिथे त्यांनी स्वतःच्या हातांनी कृष्णतुळस लावली, काळसर पानांची मिरची लावली आणि शाईत बुडवून काढल्यासारख्या पानांचा रताळ्याचा वेल पसरवला.

"गुरुजी, इथे? अगदी मध्ये?"

"इथेच."

"लोक काय म्हणतील? शुभ्र फुलांत हा काळा डाग..."

"पाणी घाल," एवढेच गुरुजी म्हणाले.

श्रीपतीने पाणी घातले. पण मन काही थाऱ्यावर येईना. दिवसागणिक ती पाने अधिकच काळी होत चालली. पौष उजाडला तशी त्याची झोप उडाली. अखेर एका पहाटे गुरुजी स्नानाला गेल्याचे पाहून त्याने वाफ्यातली निम्मी रोपे मुळांसकट अलगद काढली, आश्रमामागच्या आमराईच्या दाट सावलीत नेऊन लावली आणि त्या जागी शेवंती खोवली. गुरुजींच्या ते लक्षात आले असणारच. पण ते उरलेल्या काळ्या रोपांची माती भुसभुशीत करत राहिले, आणि त्यामुळे श्रीपती अधिकच अस्वस्थ झाला.

तीन आठवड्यांनी तो आमराईत गेला आणि थबकला. रोपांवर आलेली नवी पाने चारचौघांसारखी हिरवी होती. काळेपण कुठल्या कुठे गेले होते. त्याला वाटले, सुधारली बिचारी.

ठरल्या दिवशी व्यापारी मंडळींसह आला. मोगऱ्याचा हंगाम नव्हता. पण निशिगंध दरवळत होता, शेवंती भरगच्च फुलली होती. तो प्रसन्न मुद्रेने चालत मध्यावर आला आणि त्याचा चेहरा उतरला. "हे काय, गुरुजी? मी आपल्याला काय सांगितले होते?"

 श्रीपती घाईने पुढे झाला. "शेठजी, ही आत्ता उपटतो. हीच झाडे मी सावलीत हिरवी करून दाखवली आहेत!" धावत जाऊन त्याने आमराईत लावलेल्या वेलाची एक फांदी पुरावा म्हणून आणली.

गुरुजींनी ती हातात घेतली. वाफ्यातल्या वेलाचे एक काळे पान खुडून दोन्ही शेजारी शेजारी धरली.

"एकाच वेलाची ही दोन पाने," ते म्हणाले. "सावलीतल्याला या रंगाची गरजच पडली नाही. उन्हात उभे राहायची वेळ आली, तेव्हा आपली कोवळी पाने पोळू नयेत म्हणून या वेलाने हा रंग स्वतःच्या अंगातून निर्माण केला. शेठ, हा डाग नव्हे. सोसलेले ऊन आहे हे. आता हे काळे पान सूर्यासमोर धरून पाहा."

व्यापाऱ्याने अनिच्छेनेच पान वर उचलले. सकाळचा सूर्य त्या पानामागे आला आणि क्षणार्धात काळा रंग नाहीसा झाला. आरपार माणकासारखा लाल उजेड पेटला. त्यातली प्रत्येक शीर जिवंत निखाऱ्यासारखी उमटली. मागची मंडळी नकळत पुढे सरकली. श्रीपतीने तर श्वास रोखून धरला. त्याने रोज पाणी घातलेले हेच ते पान होते, आणि आजवर त्याने ते खालूनच काय, धड वरूनही पाहिले नव्हते.

व्यापाऱ्याचा हात तसाच वर राहिला. डोळ्यांतून पाणी वाहू लागले, ते त्याने पुसले नाही.

"माझी आई दगडाच्या खाणीत पाट्या वाहायची," तो म्हणाला. हे तो मंडळींनाच सांगत होता; गुरुजींना त्याने ते औदुंबराखालीच सांगितले होते. "मला पाठीशी बांधून, डोक्यावरचा पदर माझ्यावर ओढून. मी तिच्या सावलीत वाढलो. ती मात्र उन्हात करपली. पुढे बरे दिवस आले, तेव्हा पाहुणे यायच्या वेळी मी तिला आतल्या खोलीत बसायला सांगू लागलो. ती बसायची. एकदाही का म्हणून विचारले नाही तिने."

आमराईच्या दिशेने पाहायचे धैर्य श्रीपतीला झाले नाही. आपल्या हातांनी आपण काय केले होते, ते त्याला आता कुणी समजावून सांगायला नको होते. तो वाफ्याशी गुडघे टेकून बसला आणि एक पान बोटांनी हळूच उलटून पाहू लागला.

मग मान वर करून त्याने विचारले, "शेठजी, मातोश्रींचे नाव काय होते?"

"गिरजा," व्यापारी म्हणाला. आणि मागे उभ्या असलेल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जावे म्हणून त्याने ते पुन्हा एकदा, मोठ्याने उच्चारले.