चार तासांची झोप

"सहा तासांहून कमी झोपतो तो लवकर मरतो. हे खोटं कसं असेल, बाबा?"

खिस्ते मास्तरांचा आवाज कापत होता. जन्मभर पोरांना गणित शिकवलेला माणूस. पेपरातलं कात्रण खिशात घालून भरदुपारी मठाची टेकडी चढून आला होता.

भिकनाथबाबा धुनीत गोवरी सारत होते.

"तू किती झोपतोस?"

"चार. चारच तास, बाबा. महिना झाला, छाती धडधडते... बायकोला बँकेची कागदपत्रं समजावून ठेवलीत."

"हे शोधलं कुणी?"

"मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी! चाळीस हजार माणसं तपासली."

"त्यांच्या उशाशी बसले होते?"

"छे! विचारलं त्यांना, किती झोपता म्हणून."

"कुणाला? झोपणाऱ्यालाच?"

मास्तर चिडले. न शिकलेल्या गोसावड्यानं आपल्याला शहाणपण शिकवावं! "त्यातलं तुम्हाला नाही कळायचं."

"नसेल कळत." बाबा उठले. "नदीवर आंघोळ करून येतो. धुनी सांभाळ. माझ्या गुरूच्या गुरूनं पेटवलीय, विझली नाही अजून. बसल्या जागी डुलकी काढू नकोस."

"मला कुठली आलीय झोप!"

मास्तर खांबाला टेकून बसले. विझली तर? त्या धास्तीनं डोळे फाडफाडून धुनीकडे बघत राहिले.

बाबा आले तेव्हा धुनीची राख झाली होती. मास्तरांच्या मांडीवर अख्खी गोवरी. गालावर खांबाची नक्षी.

"मास्तर, झोपला होतास?"

"नाही! डोळ्याला डोळा लागला नाही. तुम्ही तर आत्ताच..."

बोलता बोलता त्यांची नजर धुनीवर गेली. मग उन्हाकडे. ऊन ओसरीवरून उतरून पार पिंपळापलीकडे गेलं होतं.

मास्तरांनी मांडीवरची गोवरी घाईनं बाबांपुढे सरकवली.

बाबांनी राखेत हात घातला. खोल. कुठूनसा एक निखारा निघाला, हरभऱ्याएवढा. त्यावर ती गोवरी मोडून ठेवली आणि फुंकर घालत बसले.

"बाबा... मग ते चार तास?"

बाबा फुंकत राहिले.

"मी किती झोपतो, ते मलाच ठाऊक नाही... तसं त्या चाळीस हजारांनाही..." मास्तरांनी कात्रण काढलं, चुरगाळलं. "म्हणजे बाबा... मी इतक्यात मरत नाही?"

गोवरीनं धूर धरला. बाबांनी मान वर केली.

"हे आता तुला कुणी सांगितलं?"